लहान मोटारीतील बिनतारी स्कॅनर : प्रस्तावना

स्कॅनर हा बोलण्याची सोय नसलेला, केवळ ऐकणारा बिनतारी संच होय. घरातला रेडिओ एखाद्या केंद्रावर लावला की तेथेच राहतो, कारण त्या केंद्राचे प्रक्षेपण अखंड चालू असते. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, रेल्वे किंवा विमानतळ यांचे बिनतारी बोलणे मात्र दोन-चार वाक्यांचे असते, ते संपले की ती वाहिनी कितीतरी मिनिटे मुकी राहते आणि तेवढ्यात दुसऱ्याच वाहिनीवर कोणीतरी बोलून जाते. अशा तुटक बोलण्याचा माग काढण्यासाठी स्कॅनर आपल्या स्मृतीत साठवलेल्या वाहिन्या सेकंदाला अनेक या वेगाने चाळत राहतो, जेथे बोलणे सापडेल तेथे थांबतो आणि ते संपताच पुन्हा फिरू लागतो. वाहिनी म्हणजे ठरावीक वारंवारतेची लहर. ही वारंवारता मेगॅहर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष कंपने होतात या हिशेबात, मोजली जाते. रिकाम्या वाहिनीवरची खरखर कानावर पडू नये म्हणून संचात ‘स्क्वेल्च’ नावाचे नियंत्रण असते, जे पुरेसा जोरदार सिग्नल येईपर्यंत आवाज बंद ठेवते. स्कॅनर कोठे थांबायचे हेही याच नियंत्रणावरून ठरवत असल्यामुळे, ते ज्याला नीट लावता येत नाही त्याचा स्कॅनर एकतर कायम खरखरतो किंवा कायम गप्प बसतो.

हा संच लहान मोटारीत, म्हणजे दोन आसनी किंवा आखूड हॅचबॅक गाडीत, बसवण्याचा आणि चालत्या गाडीत वापरण्याचा विषय या पुस्तकाने निवडला आहे. वरवर पाहता हा विषय किरकोळ वाटेल. मोठ्या गाडीतले काम लहान गाडीत जरा दाटीवाटीने करायचे, एवढाच त्याचा अर्थ अनेक जण लावतात. पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. मोटार ही स्कॅनर वाहून नेणारी पेटी नसून तिचे धातूचे अंग हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो, आणि म्हणून गाडी लहान झाली, किंवा तिच्यातला धातू कमी झाला, की आधी ऐकू येणेच कमी होते, बसवण्याची अडचण नंतर येते. जागेची अडचण दुकानात उभे असतानाच दिसते. धातूची अडचण मात्र पैसे खर्चून झाल्यावर, शहराबाहेर दहा मैलांवर सगळे शांत झाल्यावर कळते.

विषयाचे मूळ क्षेत्र अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे आहे, कारण सार्वजनिक सेवांचे बिनतारी संभाषण नागरिकांनी ऐकण्याची दीर्घ परंपरा तेथे आहे आणि ती स्कॅनरच्या जन्माहून जुनी आहे. डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना नियमितपणे बिनतारी आदेश देण्यास सुरुवात केली. ते संदेश एकमार्गी होते. मोटारीतील शिपाई ऐकू शकत होता, उत्तर देऊ शकत नव्हता, त्यामुळे आदेश पोहोचला की नाही हे कळवण्यासाठी त्याला रस्त्याकडेचा टेलिफोनच गाठावा लागे. म्हणजे पोलिसांच्या मोटारीतला पहिला संचही, आजच्या स्कॅनरप्रमाणे, केवळ कान असलेलाच होता. न्यू जर्सीतील बेयॉन शहराने १९३३ मध्ये दुमार्गी संभाषण सुरू केले, आणि पाठोपाठ ही सोय इतर शहरांतही पसरली. त्या काळी पोलिसांच्या अनेक वाहिन्या नेहमीच्या प्रक्षेपण पट्ट्याच्या लगेच वर असत, त्यामुळे घरातल्या साध्या रेडिओचा काटा टोकापर्यंत नेला की शेजारच्या गल्लीतील चोरीची वर्दी दिवाणखान्यात ऐकू येई. जेवणानंतर पोलिसांचे बोलणे ऐकत बसणे हा कित्येक कुटुंबांचा करमणुकीचा भाग झाला होता.

मोटार आणि असे ऐकणे यांची गाठ ज्या माणसाने सर्वांत ठसठशीतपणे घातली तो न्यू यॉर्कचा वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग, ज्याला जग ‘वीजी’ या टोपणनावाने ओळखते. १९३८ मध्ये त्याला आपल्या मोटारीत पोलिसांच्या वाहिन्या ऐकणारा संच ठेवण्याची परवानगी मिळाली. गाडीच्या डिकीत टाइपरायटर आणि छायाचित्रणाचे सामान घेऊन तो रात्रभर फिरे आणि आग किंवा खून यांच्या जागी पुष्कळदा पोलिसांच्या बरोबरीने पोहोचे. ‘नेकेड सिटी’ हे त्याचे छायाचित्रांचे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परवानगी त्या माणसाला त्याच्या मोटारीतील संचासाठी मिळाली होती. घरी बसून ऐकणे आणि धावत्या गाडीतून ऐकणे या दोन गोष्टी न्यू यॉर्कमध्ये तेव्हाही वेगळ्या मानल्या जात होत्या आणि आजही मानल्या जातात. याच धंद्याची काळी बाजू दाखवणाऱ्या २०१४ च्या ‘नाइटक्रॉलर’ या चित्रपटाचा नायकही सुरुवातीला टोयोटाची एक जुनी, लहान टर्सेल गाडीच हाकतो; पटकथाकाराने ती त्याच्या गरिबीची खूण म्हणून दिली असावी, पण गल्लीबोळांतून धावायचे तर लहान गाडीची निवड चुकीची नव्हती.

आज ज्याला स्कॅनर म्हणतात तो संच त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. आरंभीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक वाहिनीसाठी क्वार्ट्‌झचा वेगळा स्फटिक विकत घेऊन खाचेत बसवावा लागे, आणि आठ-दहा स्फटिक झाले की संच भरून जाई. १९७० च्या दशकात एकाच स्फटिकापासून हव्या त्या वारंवारता तयार करणारी मंडले आली, पाठोपाठ आकड्यांचा कळफलक आला, आणि इंडियाना राज्यात जन्मलेले ‘बेअरकॅट’ हे नाव या छंदाचे दुसरे नावच होऊन बसले. पुढे ते युनिडेन या जपानी कंपनीकडे गेले. त्याच कंपनीने २०१० मध्ये ‘होमपॅट्रोल’ हा संच आणला, ज्यात टपालाचा सांकेतिक अंक दिला की त्या भागातील वाहिन्या आपोआप निवडल्या जातात. वारंवारतांच्या वह्या बाळगणाऱ्या जुन्या मंडळींना ही सोय पोरखेळ वाटली. तरीही मोटारीपुरते पाहिले तर तिचे मोल मोठे आहे, कारण तासाभरात दोन परगणे ओलांडणाऱ्याला वही उघडायला सवड नसते, आणि उघडूही नये.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे अँटेनाकडे. मोटारीवरची सर्वांत साधी अँटेना ही तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी उभी कांडी असते; तिची मीटरमधील लांबी काढायची तर ७५ ला मेगॅहर्ट्‌झच्या आकड्याने भागावे. १५५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास, जेथे अमेरिकेतील पुष्कळ ग्रामीण पोलीस आणि अग्निशमन दले बोलतात, ही लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर येते. ४६० वर सुमारे १६, आणि शहरी यंत्रणांच्या ८५० मेगॅहर्ट्‌झवर जेमतेम ९ सेंटिमीटर. परंतु ही कांडी म्हणजे अर्धीच अँटेना होय. उरलेला अर्धा भाग तिच्या पायथ्याशी सर्व बाजूंना पसरलेला वाहक पत्रा पुरवतो, त्याला भूप्रतल म्हणतात. आरशात जसे प्रतिबिंब पडते तसे त्या पत्र्यात कांडीचे विद्युत प्रतिबिंब पडते आणि दोन्ही मिळून एक पूर्ण अँटेना तयार होते. भूप्रतलाची त्रिज्या निदान कांडीच्या लांबीइतकी असावी, असा ठोकताळा आहे. या हिशेबाने लहान गाडीचा मीटरभर रुंदीचा टप १५५ मेगॅहर्ट्‌झला कसाबसा पुरतो, त्यावरच्या वारंवारतांना सहज पुरतो, पण कॅलिफोर्नियाच्या महामार्ग गस्तीने दीर्घकाळ वापरलेल्या ४० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्याला मुळीच पुरत नाही, कारण तेथे चतुर्थांश लांबीच पावणेदोन मीटरहून अधिक होते.

म्हणून टपाचा मध्य ही कांडीची स्वाभाविक जागा ठरते. ती डिकीच्या कडेला किंवा बॉनेटच्या कोपऱ्यात लावली तरी ऐकू येते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. ज्या दिशेला पत्रा अधिक पसरलेला असतो त्या बाजूचे अधिक चांगले ऐकू येते आणि उलट बाजूचे कमी. डाव्या मागच्या कोपऱ्यात अँटेना लावलेली गाडी वळण घेते तेव्हा दूरचे केंद्र अचानक क्षीण होते, आणि मालक मात्र संचाला दोष देत बसतो.

टप पोलादाचा असेल तर चुंबकी बैठकीची अँटेना नुसती ठेवली की काम होते. पण लहान मोटारी बनवणाऱ्यांनी वजन घटवण्यासाठी पोलादाला रजा दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. २००८ पासून २०१९ पर्यंत अमेरिकेत विकली गेलेली स्मार्ट फॉरटू ही दोन आसनी गाडी याचा उत्तम नमुना आहे. तिची लांबी सुमारे २.७ मीटर; आत ‘ट्रायडियन’ नावाचा पोलादी सांगाडा आणि त्यावर चढवलेले बाहेरचे भाग प्लॅस्टिकचे, टपासुद्धा. अशा टपावर चुंबक चिकटत नाही एवढेच नव्हे, तर कांडी दुसऱ्या उपायाने चिकटवली तरी तिच्याखाली भूप्रतल नसते, म्हणजे अर्धी अँटेना हवेत लोंबकळत राहते. माझदाच्या एमएक्स-५ या उघड्या गाडीला कापडी टप आणि अ‍ॅल्युमिनियमचे बॉनेट आहे; तेथे अडचण वेगळी, कारण अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, पण वीज मात्र ते उत्तम वाहते, तेव्हा बॉनेटच्या कडेला स्क्रूने आवळायची बैठक लावली की भूप्रतल आयतेच मिळते. बीएमडब्ल्यूच्या आय-३ या विजेवरील गाडीत प्रवासी कोष कार्बन तंतूंचा आणि बाहेरचे बहुतेक भाग प्लॅस्टिकचे आहेत. चुंबकाची परीक्षा आणि विजेची परीक्षा या दोन निराळ्या परीक्षा आहेत, हे या तिन्ही गाड्या तीन तऱ्हांनी शिकवतात.

प्लॅस्टिकच्या टपावर उपाय नाही असे नाही. टपाच्या आतल्या अस्तराखाली तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी जाळीसारखी पसरून कृत्रिम भूप्रतल तयार करता येते. किंवा भूप्रतलाची गरज नसलेली अर्ध-तरंगलांबीची अँटेना वापरता येते, जिची उंची १५५ मेगॅहर्ट्‌झला सुमारे ९७ सेंटिमीटर होते आणि जी स्मार्टसारख्या गाडीवर, खरे सांगायचे तर, बैलगाडीवर उभारलेल्या गुढीसारखी दिसते. काचेच्या आतून चिकटवायच्या छोट्या अँटेना दिसायला नीटस असतात, पण उष्णता रोखण्यासाठी काचेवर धातूचा सूक्ष्म थर दिलेला असेल तर त्या जवळपास आंधळ्या होतात. आणि गाडीच्या मूळ रेडिओच्या अँटेनातून फाटा काढून स्कॅनरला देण्याचा जो सल्ला वारंवार ऐकू येतो, तो ८०० मेगॅहर्ट्‌झसाठी तरी निरुपयोगी मानावा.

कायमचे काम करणारे व्यावसायिक टपाला पाऊण इंचाचे भोक पाडून आत बैठक बसवतात. तेच सर्वांत चांगले, पण पाणी शिरू नये म्हणून रबरी कडे आणि खालच्या पडदा-एअरबॅगेची (बाजूच्या खिडक्यांवर फुगणाऱ्या पिशवीची) जागा यांची खात्री झाल्याशिवाय भोक पाडणे हा अविचार होय. अँटेनापासून संचापर्यंत समाक्ष केबल जाते, म्हणजे मधोमध एक तार, भोवती निरोधक आणि त्यावर जाळीचे वेष्टन असलेली. बाजारात बैठकीबरोबर साडेचार-पाच मीटर बारीक केबल मिळते, आणि ८०० मेगॅहर्ट्‌झवर एवढ्या केबलमध्ये आलेल्या सिग्नलच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शक्ती जिरते. लहान गाडीला दोन-अडीच मीटर पुरते. उरलेली आसनाखाली वेटोळे करून ठेवण्यापेक्षा कापून नवे टोक लावणे शहाणपणाचे. लहान गाडीने लांब गाडीवर मात केलेली ही एक जागा.

वीजपुरवठ्याचा भाग सोपा असला तरी आग लागते ती इथेच. मोटारीची बॅटरी नावाला १२ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टपर्यंत नेतो, आणि बहुतेक स्कॅनर एवढे सहज सोसतात. त्यांना वीजही थोडीच, सहसा एक अ‍ॅम्पिअरच्या आत, लागते. तार कोठूनही घेतली तरी फ्यूज बॅटरीच्या किंवा फ्यूजपेटीच्या टोकाशी हवा, संचाच्या टोकाशी नव्हे, कारण फ्यूज संच वाचवण्यापेक्षा तार वाचवण्यासाठी असतो आणि पत्र्यावर घासून उघडी पडते ती मधली तार. किल्लीने बंद होणाऱ्या मंडलातून वीज घ्यावी की थेट बॅटरीतून, या वादात लहान गाडीपुरता निकाल स्पष्ट आहे : अर्धा अ‍ॅम्पिअर खाणारा संच रात्रभर विसरला तर दहा तासांत पाच अ‍ॅम्पिअर-तास जातात, आणि लहान गाडीची आधीच लहान बॅटरी हिवाळ्यातल्या मिनेसोटात हा तोटा सहन करत नाही.

याहून कटकटीचा प्रश्न खरखरीचा आहे. विमानतळांचे संभाषण ११८ ते १३७ मेगॅहर्ट्‌झवर आयाम-नियमन पद्धतीने चालते, म्हणजे आवाजानुसार लहरीची उंची बदलते. ठिणगी, मोटार किंवा स्विच यांचा उपद्रव नेमका याच उंचीत मिसळतो. पोलिसांच्या वाहिन्यांवर वारंवारता-नियमन असल्याने तेथे हा त्रास कमी जाणवतो. उपद्रवाचा उगम पूर्वी स्पार्क प्लगच्या तारांत असे. आता तो बहुधा यूएसबी चार्जर, डॅशबोर्डवरचा कॅमेरा किंवा एलईडी दिवे यांत सापडतो, आणि लहान गाडीत हे सारे स्कॅनरपासून हातभर अंतरावर असतात. शोधण्याची रीत जुनीच : एकेक वस्तू उपटून पाहावी. सापडलेल्या वस्तूच्या तारेवर फेराइटचे कडे चढवावे, नाहीतर ती वस्तू टाकून द्यावी. पाच डॉलरच्या चार्जरसाठी पाचशे डॉलरचा संच बहिरा करण्यात अर्थ नाही.

संच ठेवायचा कोठे, याचे उत्तर मोटार उद्योगाने एका मापात दिलेले आहे. रेडिओसाठीची प्रमाण खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते आणि मोटारीसाठीचे काही स्कॅनर याच मापाचे बनतात. पण नव्या लहान गाड्यांत ती खाच पडद्याने गिळली आहे. उरतात त्या जागा म्हणजे पेला ठेवण्याची खोबण, आसनाच्या रुळावरचा दांडा आणि प्रवाशासमोरचा खण. डॅशबोर्डचा माथा आणि चालकाच्या गुडघ्यांपुढचा भाग वर्ज्य समजावा, कारण एअरबॅग फुगते तेव्हा तिच्या वाटेतला किलोभराचा संच तोफगोळ्यासारखा उडतो. अँटेनाची केबलही खांबाच्या आच्छादनातून नेताना पडदा-एअरबॅगेच्या मागून न्यावी, पुढून नव्हे. या साऱ्या अटी लक्षात घेता पुस्तकाचा कौल असा आहे, की लहान गाडीत हातात मावणारा स्कॅनर आणि टपावर खरी अँटेना ही जोडी, मोठा संच आणि नावापुरती अँटेना या जोडीपेक्षा नेहमी सरस ठरते. हातातल्या संचाची रबरी कांडी मात्र गाडीत कामाची नाही. पोलादी पिंजऱ्याच्या आत ती फारसे ऐकत नाही.

वाहिन्यांचे गट घरीच लावून घ्यावेत आणि चालत्या गाडीत दोनच हालचाली कराव्यात, आवाज कमी-जास्त करणे आणि नको असलेली वाहिनी सोडून देणे. ताशी ६० मैलांच्या वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ५० मीटरहून अधिक अंतर कापते, आणि कळा शोधणारी नजर दोन सेकंदांत परत येत नाही.

अँटेना, केबल आणि वीजपुरवठा यांचे येथपर्यंतचे मूळ विवेचन १९८० सालच्या पुस्तकातही थोड्याफार फरकाने शोभले असते. त्यानंतर चित्र बदलले. मोठ्या यंत्रणांनी ‘ट्रंकिंग’ स्वीकारले. बँकेत प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी खिडकी न ठेवता टोकन देऊन जी खिडकी मोकळी होईल तिकडे पाठवतात, तशी ही व्यवस्था आहे. एक नियंत्रण वाहिनी सतत सांगत असते की अमुक गटाचे बोलणे या क्षणी तमुक वारंवारतेवर आहे, आणि साऱ्यांचे संच त्याबरहुकूम उड्या मारतात. जुना स्कॅनर येथे वाक्याचा आरंभ एका प्रसंगातला आणि शेवट दुसऱ्या प्रसंगातला ऐकवतो. ट्रंकिंग जाणणारा स्कॅनर नियंत्रण वाहिनी वाचून गटाच्या मागे जातो. भरीस आवाजही अंकीय झाला. ‘प्रोजेक्ट २५’ या नावाने ओळखले जाणारे मानक १९८९ पासून घडत गेले आणि आता अमेरिकेतील बहुतेक राज्यव्यापी यंत्रणांचा पाया आहे. १ जानेवारी २०१३ पासून संघीय दळणवळण आयोगाच्या आदेशाने ५१२ मेगॅहर्ट्‌झच्या खालील बहुसंख्य व्यावसायिक आणि सार्वजनिक सुरक्षा वाहिन्यांची रुंदी २५ वरून १२.५ किलोहर्ट्‌झवर आली. तेव्हा अनेकांना आपला जुना संच एकाएकी हळू आवाजात बोलू लागल्यासारखे वाटले.

चालत्या मोटारीला सर्वांत अधिक छळणारी गोष्ट मात्र ‘सायमलकास्ट’ ही आहे. त्यात अनेक मनोरे एकच संदेश एकाच वारंवारतेवर एकाच वेळी सोडतात. जत्रेत दूरदूर बांधलेल्या कर्ण्यांतून एकच कीर्तन ऐकताना दोन कर्ण्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला शब्द एकमेकांवर आदळताना ऐकू येतात, तसेच दोन मनोऱ्यांच्या लहरी काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचल्या की स्कॅनरमधील अंकांचा चुराडा होतो आणि सिग्नलचे सगळे पट्टे भरलेले असूनही बोलणे तुटत राहते. यावर युनिडेनने २०१८ मध्ये एसडीएस१०० आणि पुढच्या वर्षी मोटारीसाठीचा एसडीएस२०० हे संच आणले, ज्यांची ग्रहण पद्धत मुळातून वेगळी आहे. ज्याला तेवढा खर्च परवडत नाही त्याने उलटा प्रयोग करून पाहावा : अँटेना मुद्दाम कमी कुवतीची लावावी किंवा कोपऱ्यात सरकवावी, म्हणजे एकच मनोरा प्रबळ राहतो. चांगल्या अँटेनाचा एवढा आग्रह धरल्यानंतर हा सल्ला विसंगत वाटेल. पण लहान गाडीची उणीव गुण ठरावी असा हा क्वचितच येणारा योग आहे.

आणखी एक भिंत तंत्राने ओलांडता येत नाही, ती कूटबद्धीकरणाची. किल्ली नसलेल्याला संदेश उकलता येऊ नये अशी व्यवस्था अनेक पोलीस दलांनी केली आहे. डेन्व्हरने २०१९ मध्ये वाहिन्या बंद केल्या, न्यू यॉर्कने २०२३ पासून तसे करायला घेतले, तर कॅलिफोर्नियातील पालो आल्टोने २०२१ मध्ये बंद केलेल्या वाहिन्या पुढच्याच वर्षी पुन्हा खुल्या केल्या. ब्रिटनमध्ये पोलिसांचे बोलणे कधीच झाकले गेले आहे. शिल्लक राहते तेही थोडे नाही : १६० ते १६१.५ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील रेल्वे, विमाने, बंदरे, बहुतेक ठिकाणची अग्निशमन दले, मोटार शर्यतींतील चालक आणि त्यांचे पथक यांचे संवाद, आणि १६२.४०० ते १६२.५५० दरम्यानच्या सात वाहिन्यांवर दिवसरात्र चालणारे सरकारी हवामान केंद्र. ओक्लाहोमात वादळाच्या ऋतूत रात्री गाडी चालवणाऱ्याला केवळ या शेवटच्या सोयीसाठी स्कॅनर बाळगणे परवडते.

कायद्याचे प्रकरण पुस्तकात स्वतंत्र आहे, येथे त्याचा गाभा तेवढा. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्याचा रोख ऐकण्यापेक्षा ऐकलेले दुसऱ्याला सांगण्यावर आणि स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर आहे. १९८६ च्या कायद्याने सेल्युलर फोनवरचे बोलणे ऐकणे हाच गुन्हा ठरवला, आणि एप्रिल १९९४ नंतर बनलेल्या किंवा आयात झालेल्या स्कॅनरांमधून तो पट्टा वगळणे सक्तीचे झाले. या बंधनांचा अर्थ एका मोटारीनेच साऱ्या देशाला शिकवला. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडात एक जोडपे गाडीतून जात असताना त्यांच्या स्कॅनरवर प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचे आपल्या सहकाऱ्यांशी चाललेले दूरध्वनी संभाषण ऐकू आले, कारण त्या संभाषणातील जॉन बेनर मोटारीतल्या सेल्युलर फोनवरून बोलत होते. जोडप्याने ते ध्वनिमुद्रित केले, पुढे ते विरोधी पक्षाच्या जिम मॅक्डरमॉट यांच्याकडे आणि तेथून वृत्तपत्रांकडे गेले. जोडप्याला दंड झाला. बेनर यांनी मॅक्डरमॉट यांच्यावर लावलेला दावा २००७ च्या अपील निकालापर्यंत चालला.

संघीय कायद्यापलीकडे राज्यांचे कायदे आहेत, आणि मोटारीचा प्रश्न येतो तो तेथे. न्यू यॉर्कच्या वाहन कायद्याचे ३९७ वे कलम पोलिसांच्या वारंवारता ऐकू शकणारा संच परवान्याशिवाय मोटारीत बसवण्यास मनाई करते, मात्र परवानाधारक हौशी बिनतारी चालकांना त्यातून वगळते. इंडियाना, मिनेसोटा, केंटकी यांसारख्या राज्यांतही मोटारीतील संचावर आपापल्या अपवादांसह बंधने आहेत. न्यू जर्सीत सामान्य श्रोत्यावर तशी सरसकट बंदी नाही. एडिसन आणि आसपासच्या गावांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा भेद पुस्तकी नाही : एडिसनमध्ये निर्वेधपणे चालणारी तीच गाडी, तोच संच घेऊन, हडसन नदीखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनला वर निघते तेव्हा दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत असते, आणि कायदा बदलल्याचे बोगद्यात कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने या पुस्तकातील अमेरिकी रिवाज येथे लागू समजू नये. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना बिनतारी संच जवळ बाळगणेच निषिद्ध केले होते, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही बिनतारी उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची अट ठेवली आहे. परदेशातून येताना स्कॅनर बॅगेत टाकून आणणे ही निरुपद्रवी हौस नव्हे. ज्यांना येथे राहून लहरींचा नाद जोपासायचा आहे त्यांच्यासाठी हौशी बिनतारी चालकाची परीक्षा आणि परवाना हा खुला मार्ग आहे, आणि अँटेना, भूप्रतल, केबल यांची प्रकरणे त्यांच्याही मोटारीला जशीच्या तशी लागू पडतात.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पण खरेदीच्या याद्या करण्याआधी वाचकाने एक काम करावे : स्वयंपाकघरातील फ्रिजवरचे एखादे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून, रंगावर चरा न पाडता, आपल्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर जागोजागी लावून पाहावे, ते कोठे धरते आणि कोठे गळून पडते याची कागदावर खूण करावी, जेथे धरत नाही तेथे बोटाने टकटक करून प्लॅस्टिक आहे की अ‍ॅल्युमिनियम याचा अंदाज घ्यावा, आणि तो कागद जवळ ठेवूनच पहिले प्रकरण उघडावे.